शिशाच्या ॲप्रनची घडी

मला दिवस गेलेत ही बातमी सगळ्यांत आधी कळली ती अकोल्याच्या कॅथलॅबमधल्या टेक्निशियनला. दुसरा नंबर तिथल्या मावशींचा लागला आणि नवऱ्याचा तिसरा. तो वकील असल्यामुळे या अन्यायाची तक्रार त्याने पुढे कित्येक महिने चालवली. "मी अपिलात जाणार," म्हणायचा. पण माझा इलाज नव्हता. त्या दिवशी सकाळी अमरावतीच्या घरी न्हाणीघरात पट्टीवर दोन रेघा उमटल्या, तेव्हा हा नागपूरला तारखेवर गेलेला आणि फोन बंद. शिवाय बुधवार. बुधवारी मी अकोल्याला जाते, आणि साडेसातला गाडी दारात उभी असते.

मी पट्टी रुमालात गुंडाळली, पर्समध्ये टाकली आणि निघाले. चार वर्षं वाट पाहिली होती आम्ही. उपास सोडून बाकी सगळं करून झालं होतं, आणि उपाससुद्धा सासूबाईंनी माझ्या वतीने करून टाकले होते. त्यामुळे गाडीत बसल्यापासून मला कशाचंही हसू येत होतं. बडनेऱ्याच्या पुढे एक म्हैस रस्त्याच्या मधोमध उभी होती, तिचं हसू आलं. मूर्तिजापूरला चहा घेतला, त्याचंही आलं. ड्रायव्हर आरशातून बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "मॅडम, मोबाईलवर काई आलं का?" मी म्हटलं, "आलंय, पण दाखवण्यासारखं नाही." तो बिचारा अकोल्यापर्यंत गप्प बसला.

माझं काम काय ते सांगते, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. ज्यांचे ठोके मधेच वाट चुकतात आणि छाती धाडधाड उडायला लागते, अशा माणसांच्या मांडीतल्या शिरेतून मी बारीक तारा हृदयापर्यंत नेते. बिघाड कुठे आहे ते शोधते आणि तेवढा कण जाळून टाकते. तारा आत कुठे पोचल्या हे दिसावं म्हणून कॅथलॅबमध्ये टेबलाखाली एक पेडल असतं. पायाने ते दाबलं की क्ष-किरण सुरू, सोडलं की बंद. रुग्णाच्या अंगावर किरण एकदाच पडतात. आमच्यावर उसळून येतात थोडेसेच, पण रोज. म्हणून आम्ही शिशाचे ॲप्रन घालतो आणि त्याच्या आत छातीवर एक बिल्ला लावतो, जो अंगावर आलेल्या किरणांचा हिशोब ठेवतो. कितीतरी डॉक्टर हा बिल्ला ड्रॉवरमध्ये टाकून देतात, कारण आकडा वर गेला की काम थांबवावं लागतं. मी मात्र न चुकता लावत आले. थट्टा व्हायची. "मॅडमचं मंगळसूत्र," म्हणायचे.

आता आमच्या घरची रीत अशी, की तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही. दृष्ट लागते. आणि कॅथलॅबची रीत याच्या बरोबर उलटी. तिथे पहिल्याच दिवशी सांगायला हवं, म्हणजे पोटावर लावायचा दुसरा बिल्ला मिळतो. या दोन रितींच्या कैचीत बायका सापडतात. माझ्या बरोबरीची एक पाचव्या महिन्यापर्यंत कुणाला न सांगता दोन-दोन ॲप्रन एकावर एक घालून उभी राहिली आणि पाठ धरून बसली. दुसरीने सांगितलं, तर वरिष्ठांनी गोड बोलून तिला कार्डिओग्राम वाचायला बसवलं. ती अजून तेच वाचतेय. मला ना पाठ मोडून घ्यायची होती, ना खुर्चीत बसायचं होतं. मला मूलही हवं होतं आणि हातातली तारही. हावरट म्हणा हवं तर.

म्हणून मी अकोल्याला पोचल्या पोचल्या टेक्निशियनला बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं. पन्नाशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. म्हणाला, "दुसऱ्या बिल्ल्यासाठी लिहून देतो मॅडम. कोनाले सांगत नाई. पन आदी तुमचा ॲप्रन तपासू द्या."

हा ॲप्रन म्हणजे माझ्या आयुष्यातला एक मोठा विजय होता. शिशाचे ॲप्रन पुरुषांच्या मापाने बनतात. खांद्यावरून ते माझ्या अंगावर पोत्यासारखे लोंबायचे, आणि काखेपाशी एवढी मोठी फट राहायची की आत मांजर शिरावं. ती फट बरोबर डाव्या छातीच्या बाजूला, आणि किरणांचं यंत्रही बरोबर डावीकडे. म्हणजे जिथे बाईला सगळ्यांत जास्त झाकायला हवं, तिथेच खिडकी. हे मी वर्षानुवर्षं बोलत होते आणि सगळे माना डोलवत होते. शेवटी माझं डोकं फिरलं. मी थेट बनवणाऱ्यांना फोन लावला. तिकडचा मुलगा मापं लिहून घेत होता. छातीचं माप विचारायची वेळ आली तेव्हा तो एवढा अडखळला की मीच म्हटलं, "भाऊ, लिहा, आणि काखेखाली पट्टी हवी, तेही लिहा." दोन महिन्यांनी ॲप्रन आला. जांभळ्या रंगाचा, वर जाकीट, खाली घागरा, काखेला झाकण. मी तो घालून लॅबमध्ये एक गिरकी घेतली होती. शिसं अंगावर घेऊन गिरकी घेणं सोपं नसतं.

तो ॲप्रन मी अकोल्यातच ठेवत होते, कारण अमरावतीच्या रुग्णालयात मी असाच एक दुसरा भांडून मिळवला होता. बुधवारी सकाळी मी पोचले की मावशी तो माझ्या स्टुलावर काढून ठेवायच्या. संध्याकाळी मी तो काढून त्यांच्या हातात द्यायचे. दीड वर्ष असं चाललं होतं. तो मधल्या सहा दिवसांत कुठे राहतो, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

टेक्निशियनने मला खोलीबाहेर उभं केलं, ॲप्रन टेबलावर पसरला आणि यंत्र सुरू केलं. काचेतून मला पडदा दिसत होता. शिसं धड असेल तर पडदा काळाकुट्ट दिसायला हवा. तो काळाच होता, पण त्यावर पांढऱ्या रेघा होत्या. सरळ, नीट, अंतर राखून मारलेल्या. दोन उभ्या, तीन आडव्या. घागऱ्यावर, नेमक्या ओटीपोटाच्या जागी, दोन रेघा एकमेकींना छेदत होत्या. मग त्याने पुरुषांचे ॲप्रन एकेक करून पाहिले. भिंतीवरच्या हुकांना लटकलेले, कडा मळलेले, एकावर तर भाजीचा रस्सा सांडलेला. सगळे काळेकुट्ट. फुटला होता तो फक्त माझा. त्याने माझ्या ॲप्रनचं चित्र परत पडद्यावर आणून ठेवलं.

मला कोडं उलगडलं ते मावशी आल्यावर. साठीला टेकलेल्या, ठेंगण्या, लॅबची स्वच्छता त्यांच्याकडे, आणि जरबही त्यांचीच. मी विचारलं, "मावशी, हा ॲप्रन तुम्ही कुठे ठेवता?"

"कपाटात," त्या अभिमानाने म्हणाल्या. "मस्त घडी घालून. मंधात डांबरगोळी, अन् वरून जुनी गादी ठेवतो दाबून. एक चुनी पडू देली नाई आतापावतर."

"अहो, पण बाकीच्यांचे तर लटकवलेत."

"मानसाईचे लटकवले. बाईमानसाचं कापड मानसाईच्या खुंटीले कसं लटकवाव मॅडम? बरं दिसते का?"

तर असं होतं ते. या ॲप्रनच्या आत शिशाचा जाड पत्रा असतो, रबरासारखा. तो लटकवायचा असतो. घडी घातली की घडीच्या जागी तडकतो. पुरुषांच्या ॲप्रनांना कुणी विचारत नव्हतं म्हणून शाबूत राहिले. माझा एकटीचा जीव लावून, डांबरगोळी घालून, पैठणीसारखा जपला गेला आणि मोडला. मी रागाने तोंड उघडलं. काय काय बोलणार होते ते आठवत नाही, पण ते वऱ्हाडीत असणार, कारण राग आला की माझी शुद्ध भाषा आधी पळते. आणि तोंडातून आलं ते हसू. आधी बारीक, मग मोठं, मग भिंत धरावी लागली एवढं. आणि मग त्या हसण्यातच मी रडायला लागले. दीड वर्ष मी ज्या शिशामागे निर्धास्त उभी होते त्याला भेगा होत्या, आणि गेले काही आठवडे त्या शिशामागे मी एकटी नव्हते. भीती वाटली मला. चांगलीच वाटली.

मावशी गडबडल्या. "काहून? बिगडलं काय? माया हातून काई बिगडलं काय?" मग त्यांची नजर माझ्या हातावर गेली. हात पोटावर होता, मला कळायच्या आधीच गेलेला. त्यांनी एकदा हाताकडे पाहिलं, एकदा माझ्या तोंडाकडे, एकदा त्या पडद्यावरच्या रेघांकडे. त्या मटकन स्टुलावर बसल्या.

मी त्यांच्यावर ओरडणार होते, पण कुणाच्या तोंडाने? ॲप्रन दर वर्षी तपासायचे असतात. माझ्या ॲप्रनची तारीख उलटून गेली होती आणि "पुढच्या बुधवारी बघू" हे मीच दर बुधवारी म्हणत होते. मी त्यांना एवढंच सांगितलं की चूक निम्मी माझी आहे. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी पूर्ण चूक स्वतःकडे ठेवली आणि त्या दिवसापासून माझा ताबा घेतला.

फुटका ॲप्रन बाद झाला, अमरावतीचा मी तपासून घेऊन बुधवारी सोबत आणू लागले, आणि छातीवरचा बिल्ला त्याच आठवड्यात तपासणीला गेला. अहवाल यायला वेळ लागतो. तोवर मला एकच माहीत होतं, की गेल्या वर्षभरापासून माझा पाय पेडलवर कमी आणि जमिनीवर जास्त असतो. आता एक यंत्र येतं, तारेच्या टोकाची जागा ओळखून संगणकावर हृदयाच्या कप्प्याचं चित्र उभं करणारं. त्यात किरण लागत नाहीत. नागपूरहून एक मुलगी ते यंत्र गाडीत घालून घेऊन येते आणि पडद्याशी बसते. त्यावर हात बसला की पेडलची गरज उरत नाही. लोडशेडिंगमध्ये आपल्याच स्वयंपाकघरात काडेपेटी सापडते तसंच ते. पण सवय मोठी वाईट. जरा शंका आली की पाय आपोआप पेडल शोधतो.

घरी नवरा आधी नाचला. अक्षरशः नाचला, टाय लावलेला असताना. मग ॲप्रनचं ऐकलं आणि खाली बसला. "आठ-नऊ महिने सोड ना," म्हणाला. "परत कर की नंतर." तो काही चुकीचं बोलत नव्हता. पण माझ्या जागी अकोल्यात दुसरं कुणी नव्हतं. धारणीच्या बाजूचे लोक जीप बदलत बदलत यायचे आणि त्यांना नागपूरची पुढची तारीख झेपायची नाही. आणि खरं सांगायचं तर हे झालं लोकांचं कारण. माझं कारण वेगळं होतं. मला माझ्या लेकराला "तुझ्यापायी मी काम सोडलं" असं ऐकवणारी आई व्हायचं नव्हतं, आणि स्वतःला मी ओळखते, मी नक्की ऐकवलं असतं. आम्ही जेवणं थंड होईस्तोवर भांडलो. शेवटी वकिलाने तडजोड मांडली: पेडल बंद, तर काम चालू. एक सेकंद जरी दाबलं, तरी दुसऱ्या दिवसापासून घरी. मी सही करायला तयार होते, त्याने वरण गरम करायला घेतलं.

तीन महिने भरल्यावर, घरची रीत सांभाळून, मी रुग्णालयाला सांगितलं. अपेक्षेप्रमाणे वरिष्ठ मऊ आवाजात म्हणाले, "आता आराम करा." मी म्हटलं, "किरण नसतील तर आराम कशापासून करू?" ते विचारात पडले. ज्या रुग्णाला किरणांशिवाय काम होणार नाही, तो नागपूरला जाईल, या अटीवर ते मान्य झालं.

मग सुरू झाले ते बुधवार. इतकी धमाल मी लॅबमध्ये कधी केली नाही. शेजारच्या टेबलावर कुणाची तरी अँजिओग्राफी सुरू झाली की मावशी मला हाताला धरून बाहेर काढायच्या, शाळेतल्या पोरीला काढावं तशा. माझं काम सुरू व्हायच्या आधी त्या टेबलाखाली वाकून पेडल ओढून काढायच्या आणि खोलीच्या पार कोपऱ्यात नेऊन त्यावर स्टूल ठेवून बसायच्या. माझा पाय खाली चाचपडायचा आणि नुसती फरशी लागायची. अगदीच गरज पडली तर टेक्निशियनच्या हाताशी दुसरं बटण होतंच. त्यांनी त्यालाही बजावून ठेवलं होतं. "तुमच्या बोटाले हात लावला त पाहा," असं काहीतरी त्या त्याला म्हणाल्या होत्या. त्याचा अर्थ आम्हाला दोघांनाही कळला नाही, पण त्याने बटणापासून खुर्ची लांब सरकवली.

बिल्ल्याचा अहवाल आला. चिंतेचं काही नव्हतं, जवळजवळ काहीच नव्हतं. नवऱ्याने तो निकालपत्रासारखा तीनदा वाचला आणि शेजारच्यांना पेढे दिले. शेजाऱ्यांना वाटलं, मोठी केस जिंकला. सोनोग्राफीही छान आली. मी डॉक्टर आहे, मला आकडे वाचता येतात. पण आकडे डोक्याला पटतात, बाकीच्या अंगाला पटत नाहीत. पाचवा महिना लागला तरी पोटात हालचाल कळत नव्हती. पहिलटकरणीला उशिरा कळते, हे मीच दुसऱ्यांना सांगत आले होते. तरी अंघोळ करताना, गाडीत बसताना, मी आत कान लावून बसायचे. आणि हसता हसता मधेच त्या पडद्यावरच्या दोन रेघा डोळ्यांपुढे यायच्या, एकमेकींना छेदणाऱ्या.

त्या बुधवारी टेबलावर अकोटकडची एक बाई होती. शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. वीस वर्षांपासून मधेच छाती उडायची, घाम सुटायचा, चूल सोडून खाली बसावं लागायचं. घरचे म्हणायचे, भित्री आहे. एका डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या, दुसऱ्याने पूजा सांगितली होती. तिच्या ठोक्यांत खरोखर बिघाड आहे हे पहिल्यांदा कागदावर दिसलं, तेव्हा ती नवऱ्याकडे वळून म्हणाली होती, "पाहा." एवढंच. मला ती तेव्हापासून आवडत होती.

त्या दिवशी खोलीत आणखी एक गंमत होती. किरण लागणारच नाहीत याची एव्हाना आम्हाला इतकी खात्री झाली होती, की मी सगळ्यांनाच ॲप्रन घालू नका म्हटलं. पहिल्यांदाच आम्ही सगळे नुसत्या पातळ हिरव्या कपड्यांत. टेक्निशियन दोन्ही हात पोटाशी धरून उभा राहिला. "उघडं उघडं वाटून राह्यलं मॅडम," म्हणाला. मला परत हसू सुटलं. नागपूरची मुलगी संगणकामागे तोंड लपवून हसली. टेबलावरची बाई जागीच होती, मांडीतली जागाच तेवढी सुन्न केलेली. ती छताकडे बघत म्हणाली, "मले बी सांगा नं." मी तिला सांगितलं. तिलाही हसू आलं, तेव्हा पडद्यावरचं हृदय हललं आणि मला तिला गप्प करावं लागलं.

तारा नेल्या. एक किरण न टाकता. पडद्यावर कप्पा रंगत गेला, वाट सापडली, चुकीचा कण सापडला. अगदी छोटी जागा असते ती, आणि जवळच अशी जागा असते जिला धक्का लागून चालत नाही. माझा हात स्थिर होता. आता तो कण जाळायला फक्त "सुरू" म्हणायचं होतं.

आणि आत काहीतरी हललं.

पोटात, बेंबीच्या खाली, डावीकडे. आतून कुणी बोटाने हलकेच टिचकी मारावी तसं. इतकं बारीक होतं ते, की दहा किलो शिसं कमरेला आवळलेलं असतं तर मला कधीच कळलं नसतं.

"थांबा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच वेगळा वाटला. सगळे थांबले. टेक्निशियन मॉनिटरकडे पाहू लागला, मुलगी माझ्याकडे. मावशी कोपऱ्यातून उठून उभ्या राहिल्या.

"काहून थांबल्या डॉक्टरबाई?" टेबलावरची बाई म्हणाली. "माया हृदयात काई दिसलं का?"

"नाही. तुमचं सगळं ठीक आहे. माझ्या पोटात हललं."

तिने छतावरची नजर माझ्याकडे वळवली. मग तिने विचारलं, "पैलं हाये?"

"हो."

"अन् पैल्यांदाच हललं?"

"हो." मास्कच्या आत पाणी गळत होतं आणि हात तारेवर असल्यामुळे मला ते पुसता येत नव्हतं. मावशीही पुसत नव्हत्या. त्या स्वतःच पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या.

"मंग घाई नका करू," ती बाई म्हणाली. "वीस वर्सं धडधडलं माया, अजून दोन मिनिटं धडधडन. तुमी पाहून घ्या आदी."

आम्ही खरोखर थांबलो. नुसते तिचे ठोके यंत्रावर वाजत होते. मी हात तसाच धरून आत लक्ष देऊन उभी राहिले. ते परत हललं, या वेळी जरा जोरात. मग मी म्हणाले, सुरू करा.